दसऱ्याची हवा

मी कधी पाण्याखाली गेलेली नाही. मला पोहताही येत नाही. तरी माझं निम्मं आयुष्य पाण्याखाली गेलं असं मला वाटत आलंय, कारण खाली उतरणाऱ्यांच्या पाठीवर जी हवा असते ती आधी माझ्या हाताखालून जाते. कधी कधी दुपारी डोळा लागला की स्वप्नात मी कुठेतरी खोल, हिरव्या अंधारात बसलेली असते आणि माझ्या आजूबाजूने बुडबुडे वर जात असतात. मला त्यात गुदमरायला होत नाही. मी नुसती बघत असते, कुणाचा श्वास कुठे चाललाय ते.

माझगावात, गोदीच्या भिंतीपासून फार लांब नाही, तिथे आमचा गाळा आहे. बाहेरून बघणाऱ्याला वेल्डिंगचं दुकान वाटतं. आत एक कॉम्प्रेसर, त्याला जोडलेल्या फिल्टरच्या नळकांड्या, आणि भिंतीला टेकून उभे असलेले पिवळे, चंदेरी सिलिंडर. जहाजांचे तळ खरवडणारे, बोटीच्या पंख्यात अडकलेली जाळी कापणारे, पुलाचे खांब पाण्याखालून तपासणारे डायव्हर आमच्याकडे हवा भरायला येतात. अलीकडे तारकर्लीला पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवणारेही मुंबईत आले की सिलिंडर टाकून जातात. लोकांना वाटतं त्यात ऑक्सिजन असतो. मी समजावून थकले. साधी हवा असते, तुम्ही-आम्ही घेतो तीच. फक्त चाळीतल्या मोरीत मावेल एवढी हवा एका सिलिंडरात दाबून बसवलेली असते.

ही हवा तपासायचं काम माझं. सिलिंडरचा कॉक जरासा उघडायचा, हवेची बारीक धार नळीतून मीटरवर सोडायची आणि थांबायचं. आकडा स्थिर होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही. त्या थांबण्यात माझं मन कुठल्या कुठे जातं. मागच्या खिडकीबाहेर बदामाचं झाड आहे, त्याची सावली सिलिंडरांवरून हलत असते, हवेची बारीक शीळ चालू असते, आणि मला वाटतं ही हवा मालवणला जाईल, कुणाच्या तरी छातीत शिरेल, तिथून बुडबुडा होऊन वर येईल आणि परत वाऱ्यात मिसळेल. तेवढ्यात मीटरवर शून्य येतं. मी ‘शून्य’ असं मोठ्याने म्हणते आणि पुढचा सिलिंडर घेते.

शून्य असावं लागतं ते कार्बन मोनॉक्साइडसाठी. जिथे काही नीट जळत नाही, धुमसत राहतं, तिथे हा वायू तयार होतो. ट्रकच्या धुरात असतो, तापलेल्या कॉम्प्रेसरच्या करपलेल्या तेलात असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तात जिथे ऑक्सिजनने बसायचं तिथे हाच ठाण मांडून बसतो. माणसाचं डोकं जड होतं, मग छान झोप येते. घरात झोप आली तर कुणीतरी दार तोडून बाहेर काढेल. पाण्याखाली झोप आली की संपलं. शिवाय जितकं खोल जावं तितका पाण्याच्या दाबाने त्याचा जोर वाढतो. म्हणून आकडा पाचाच्या वर गेला तर सिलिंडर द्यायचा नाही, हा आमच्या गाळ्याचा नियम. तो मी केलेला आहे आणि त्यावर मी कुणाचं ऐकत नाही.

गाळा माझ्या बाबांचा. त्यांनी आयुष्यभर गोदीत डायव्हरचं काम केलं. गाव मालवणजवळ, बालपण लालबागच्या चाळीत. मुंबईच्या खाडीत खाली काही दिसत नाही. बाबा सांगतात, उतरल्यावर हातभर अंतरात सगळा उजेड संपतो, मग हात हेच डोळे. जहाजाचा तळ ते हाताने वाचत जात. इथे शिंपले, इथे गंज, इथे सांधा. मी लहान असताना ते रात्रीचे जेवताना हे सगळं सांगायचे, आणि मला वाटायचं की बाबा रोज झोपेत कामाला जातात आणि जागे होऊन घरी येतात.

मीटर मी आणला तेव्हा बाबांना तो आवडला नव्हता. त्यांचा मीटर म्हणजे त्यांचं नाक. कॉक उघडून ते हवा हुंगायचे, जिभेवर घ्यायचे, आणि मान डोलवायचे. गोदीतले लोक त्या नाकाची शपथ घेत. तेलाचा, रबराचा, सडक्या पाण्याचा वास त्यांना खरंच चटकन कळायचा. पण ज्याला वासच नाही त्याच्यापुढे नाक काय करणार, हे त्यांना कधी पटलं नाही. नाकावर माशी बसू देत नाहीत म्हणतात ते आमच्या बाबांसाठीच. शेवटी तह झाला. आधी मी मीटर लावायचा, मग ते हुंगणार, आणि दोघांनी होकार दिला तरच सिलिंडर बाहेर जाणार.

फक्त एका सिलिंडरला यातून सूट होती.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्राची पूजा असते. ही पद्धत आजोबांची. ते परळच्या गिरणीत होते, आणि गिरणीत दसऱ्याला साचे, म्हणजे कापडाचे माग, धुऊनपुसून झेंडूने मढवत, बायका-पोरं आत जाऊन बघत. गिरणी गेली, पूजा आमच्या गाळ्यात आली. कॉम्प्रेसरला तोरण, हळदीकुंकू, आपट्याचं पान, आणि धुपाटण्यात करवंटीचे निखारे करून त्यावर धूप. ते धुपाटणं मागच्या खिडकीपाशी, यंत्र जिथून हवा ओढतं त्या पाइपाच्या तोंडासमोर तीनदा ओवाळायचं. यंत्राने वर्षाचा पहिला श्वास धुपाचा घ्यावा, म्हणून. मग ओवाळून धुपाटणं बाहेर झाडाखाली ठेवायचं, यंत्र सुरू करायचं, आणि पहिला सिलिंडर भरायचा.

तो मानाचा सिलिंडर. त्याला मीटर लावायचा नाही आणि तो हुंगायचाही नाही. कॉकवर लाल फडकं बांधायचं, ते समुद्रावरच सुटणार. बाबांचे एक जुने मित्र आहेत, तांडेल, भाऊच्या धक्क्यावर त्यांची मासेमारीची बोट असते. दरवर्षी दसऱ्याला बाबा तो सिलिंडर पाठीला लावून त्या बोटीखाली उतरायचे, पंखा हाताने साफ करायचे, त्याला झेंडूची माळ बांधायचे आणि वर यायचे. तांडेलांची वर्षभराची बोहनी त्यातून व्हायची आणि बाबांचीही. बाबांनी रोजचं काम सोडलं तरी हे सोडलं नव्हतं. मात्र मी सांगतेय त्या वर्षी आईने निक्षून सांगितलं होतं की हा शेवटचा. गुडघे गेलेत, जिना चढताना दम लागतो, आता पुरे. बाबांनी मान्य केलं. म्हणाले, एकदा नीट निरोप घेतो पाण्याचा.

त्या दसऱ्याला मी गाळ्यावर उशिरा पोचले. आईने दिलेला श्रीखंडाचा डबा होता, लालबागच्या फुलबाजारातल्या गर्दीतून टॅक्सी पुढे सरकत नव्हती, आणि प्रत्येक टॅक्सीच्या नाकावर झेंडूचा हार होता. पोचले तर गाळ्यात कुणी नव्हतं. पूजा झालेली, यंत्र बंद, जमिनीवर पाकळ्या. भरतीच्या पाण्याची वेळ गाठायची म्हणून बाबा तांडेलांबरोबर पुढे गेले होते. दोन सिलिंडर भरून झाले होते. मानाचा ते घेऊन गेले होते, आणि त्यानंतर भरलेला दुसरा, तारकर्लीवाल्यांचा, कोपऱ्यात उभा होता.

गाळ्यात विलक्षण शांतता होती. बदामाच्या पानातून ऊन आत येत होतं आणि धुपाचा अगदी पुसट वास राहिला होता. मला वाटलं इथेच पाय पसरून बसावं, डोळे मिटावेत. सवयीने मी मीटर घेतला, तारकर्लीच्या सिलिंडराला नळी लावली, आणि झाडाकडे बघत बसले. हवेची शीळ चालू होती. मनात बाबा पाण्यात उतरत होते. हिरव्यातून काळ्यात, हळूहळू.

मीटरकडे बघितलं तर आकडा एकतीस होता.

मला आधी वाटलं मीटर बिघडला. बंद करून परत लावला. एकतीस. मग चौतीस. मी कॉक बंद केला, उठले, आणि मागच्या खिडकीत मला धुपाटणं दिसलं. ते झाडाखाली नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर होतं, पाइपाच्या बरोबर तोंडाखाली. बाबांना उभं राहून ओवाळणं, मग मागे जाऊन वाकणं गुडघ्यांमुळे जमलं नसणार. त्यांनी ते कट्ट्यावरच ठेवलं आणि यंत्र सुरू केलं. धूप केव्हाच जळून गेला होता. खाली करवंट्यांचे निखारे मात्र होते, वर पांढरी राख, आत लाल, धुराची एक रेघ नाही. दिसायला किती सुंदर दिसत होते. त्या निखाऱ्यांची हवा यंत्राने दोन सिलिंडर भरेपर्यंत ओढली होती. फिल्टरने त्यातला धुपाचा वास पकडला, तेल पकडलं, आणि हा वायू सोडून दिला. दुसऱ्या सिलिंडरपर्यंत निखारे निवत आले असतील. पहिला भरताना ते रसरसलेले होते.

मी बाबांना फोन लावला तर त्यांचा फोन टेबलाच्या खणात वाजला. पाण्यावर जाताना ते नेत नाहीत. तांडेलांचा नुसता वाजत राहिला. मी मीटर पदराच्या ओच्यात धरावा तसा ओढणीत गुंडाळला आणि बाहेर पळाले.

रस्ता मला नीट आठवत नाही. आठवतं ते असं की सगळं फार हळू चाललं होतं. एका दुकानासमोर कुणीतरी ट्रकला नारळ फोडत होतं. गोदीच्या भिंतीवर मांजर झोपलं होतं. मी टॅक्सीवाल्याला सांगत होते की माझे बाबा पाण्यात उतरतायत, आणि तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, आज दसरा आहे, चांगला दिवस आहे. मी मनात बाबांना म्हणत होते, बूट घालायला वेळ लावा, चहा घ्या, कुणाशी तरी भांडा.

धक्क्यावर बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या, सगळ्या पताका लावलेल्या. तांडेलांची बोट अगदी शेवटी. मी एका बोटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाय टाकत गेले. खाली पाणी दिसत होतं, आणि पोहता न येणाऱ्या मला त्याची भीती वाटायचं राहून गेलं. शेवटच्या बोटीवर बाबा काठावर बसले होते. काळा सूट घातलेला, पाठीला सिलिंडर, त्याच्यावर झेंडू. लाल फडकं सुटलं होतं. तोंडात घ्यायची नळी त्यांच्या हातात होती.

मी म्हणाले, “बाबा, उतरू नका. हवा खराब आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मीटरकडे. आजूबाजूच्या बोटींवरचे खलाशी बघत होते, तांडेलही बघत होते. बाबांचा चेहरा बंद झाला. शेवटच्या दिवशी, सगळ्यांदेखत, पोरीने येऊन त्यांच्या हवेत खोट काढली होती.

“देवाच्या हवेक मीटर कित्या लावतंस?” ते म्हणाले.

मी धुपाटण्याचं सांगितलं, दुसऱ्या सिलिंडरच्या आकड्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कॉक उघडला, हातातल्या नळीतून हवा हुंगली, जिभेवर घेतली, आणि एक वासही नाही असं तांडेलांना सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच. मला रागही आला आणि रडूही आलं. त्या माणसाने मला शिकवलं होतं की पाण्याखाली आपला एकच नातेवाईक असतो, तो म्हणजे पाठीवरचा सिलिंडर. आणि आता तोच माणूस नाकाने कांदे सोलत बसला होता.

“हवा देवाची असेल,” मी म्हणाले. “निखारा तुमचा आहे.”

तांडेल मध्ये पडले. म्हणाले, लावू दे तिला, माझी बोट थांबली तर थांबली. बाबांनी पाठीवरचा सिलिंडर माझ्याकडे वळवला. मी नळी लावली. बोट हलत होती. मीटरवरचे आकडे बाबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हते, म्हणून तांडेलांनी वाचून दाखवले. सत्तर. नव्वद. शंभराच्या पुढे गेल्यावर ते वाचायचे थांबले.

बाबांनी सिलिंडर पाठीवरून उतरवला आणि स्वतः कॉक पूर्ण उघडला. ती हवा मोठ्याने सुटली, झेंडूच्या पाकळ्या उडून पाण्यावर पडल्या, आणि आम्ही सगळे त्या आवाजात बसून राहिलो. कितीतरी वेळ ती संपतच नव्हती. मला तेव्हा जाणवलं की मी बाबांच्या गुडघ्याला घट्ट धरून बसले आहे आणि त्यांनी माझा हात काढलेला नाही. परत येताना टॅक्सीत ते एवढंच म्हणाले की तारकर्लीवाल्यांना फोन कर, त्यांचा सिलिंडर रिकामा करून परत भरायचा आहे. ते काम त्यांनी माझ्याबरोबर बसून केलं.

दसऱ्याचा मुहूर्त गेला होता, पण पाण्याचा निरोप राहिला होता. आई म्हणाली, आता जाऊ दे ना. मीच म्हणाले, नाही, उतरू देत त्यांना. मला वाटत होतं मी त्यांच्याकडून काहीतरी हिरावून घेतलंय आणि ते परत द्यायला हवं. फिल्टर बदलले, नळ्या धुतल्या, एका साध्या सकाळी वारा समुद्राकडून असताना सिलिंडर भरला. पूजा नाही, निखारा नाही. बाबांनी फक्त झेंडूची एक माळ घेतली.

बोटीवर त्यांनी मला विचारलं, किती. मी शून्य म्हणाले. त्यांनी नळी तोंडात घेतली आणि पाठीवर पडावं तसे मागे पाण्यात गेले.

मग मी बुडबुडे बघत राहिले. तेच ते, माझ्या झोपेतले. पाण्यावर यायचे, फुटायचे, परत यायचे. ती हवा सकाळी मी भरली होती, मी तपासली होती, आणि आता ती बाबांच्या छातीतून जाऊन माझ्यासमोर वर येत होती. ऊन पाण्यावर पसरलं होतं, बोट पाळण्यासारखी हलत होती, तांडेल विडी न पेटवता नुसती बोटांत धरून बसले होते. मला इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं. बुडबुडे पंख्याकडे गेले, तिथे थोडे थांबले. मग ते घाईने येऊ लागले, एकात एक, आणि शिडीकडे वळले. फार लवकर वळले.

बाबा वर आले ते दोरी धरून. तांडेलांनी आणि आणखी एकाने त्यांना ओढून घेतलं. ते फळीवर बसले, तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते, आणि एका मुठीत झेंडूची माळ तशीच होती, न बांधलेली. माझा हात आपोआप सिलिंडराकडे गेला. मी कॉक उघडला, नळी लावली, मीटरवर डोळे रोखून बसले. बाबा दम घेत माझ्याकडे बघत होते.

शून्य होतं.

“हवेक दोष देव नको गो,” बाबा म्हणाले. “हवा चांगली हा. माझी छातीच जुनी झाली.”

तांडेलांनी त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला. मी मीटर हातात धरून बसले होते, आणि आकडा हलेल म्हणून अजून बघत होते. इतकी वर्षं शून्य आलं की मला बरं वाटायचं. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, थोडं काहीतरी यायला हवं होतं. मी फिल्टर परत बदलला असता.